ढोल वाजण्याआधीचा सरडा

एकदा एक तरुण शिक्षिका आपल्या वृद्ध गुरुजींच्या ओट्यावर उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन रडत बसली. शेजारीपाजारी आपापल्या दारात येऊन उभे राहिले. एवढी शहाणी मुलगी तिन्हीसांजेला रडते म्हणजे काहीतरी मोठंच झालं असणार, आणि अशा वेळी कुणालाही घरात बसवत नाही.

ही शिक्षिका सातवीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवी. गुरुजींनीही आयुष्यभर तेच शिकवलं होतं, आणि ती त्यांचीच विद्यार्थिनी. दारोदार फिरून, लोकांची आर्जवं करून तिने शाळेसाठी प्रोजेक्टर मिळवला होता. ज्या मुलांनी समुद्र पाहिला नव्हता त्यांना तिने पडद्यावर प्रवाळ दाखवलं, मधमाशीचं पोळं आतून दाखवलं. माहितीपट लागला की मुलं श्वास रोखून बघत. शिक्षिकेला वाटे, जिंकलं आपण.

मग चाचणी झाली. प्रश्न होता, ‘सरडा भक्ष्य कसे पकडतो ते लिहा.’ आणि जवळजवळ सगळ्या वर्गाने लिहिलं, ‘आधी ढोल हळू वाजतो. मग जोरात वाजतो. ढोल थांबला की सरडा जीभ बाहेर काढून किडा पकडतो.’

“मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर मोठ्याने वाचलं, गुरुजी,” शिक्षिका डोळे पुसत म्हणाली. “म्हणाले, बाई, आपल्या गावच्या सरड्यांचं कसं व्हायचं? त्यांच्याकडे कुठे ढोल आहे? उपाशी मरतील बिचारे! सगळे हसले. शनिवारी ते स्वतः माझ्या तासाला बसणार आहेत. त्यांना पटलं नाही तर प्रोजेक्टर अडगळीच्या खोलीत. आणि मी फळ्यावर उत्तरं लिहायची, मुलांनी उतरवून घ्यायची. एवढंच करायला का मी शिक्षिका झाले?”

गुरुजींनी उत्तरपत्रिका वाचली आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

“तुम्हीसुद्धा, गुरुजी!”

“अगं, पोरांनी यात एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही.”

“तुम्ही शनिवारी याल का? ते तुमचा शब्द मोडणार नाहीत.”

“येईन. पण शब्द टाकणार नाही. आता रडणं पुरे, सगळी आळी दारात उभी आहे.”

शनिवारी शाळा सकाळची होती. मुख्याध्यापक मागच्या बाकावर गुडघे आवळून बसले. गुरुजी भिंतीशी खुर्ची घेऊन बसले. पडद्यावर हिरवी फांदी आली, फांदीवर सरडा आला, माहिती सांगणाऱ्याचा भारदस्त आवाज घुमला आणि त्याच्या पाठोपाठ ढोल सुरू झाला.

गुरुजी शांतपणे उठले. त्यांनी स्पीकरची वायर उपसली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि ते पुन्हा जागेवर जाऊन बसले.

“गुरुजी, आज नको ना असं,” शिक्षिका हळूच म्हणाली.

“बाई, आवाज गेला!” मुलांनी गलका केला. “बाई, आता कळणार कसं?”

मुख्याध्यापक खाकरले. गुरुजी मुलांना एवढंच म्हणाले, “ज्याला जे दिसेल ते त्याने बोलायचं.”

थोडा वेळ कुणालाच काही दिसलं नाही. सरडा बसून होता, मुलं चुळबुळत होती. मग इकरा म्हणाली, “बाई, हा डुलतोय. वाऱ्याने पान हलतं ना, तसा.”

“आणि त्याचे डोळे बघा! एक वर, एक खाली!” श्रेयस ओरडला.

“हट्, असं कुठं असतं?”

“तुझ्या डोळ्यांनी बघ की! मुंडकं हलतंय का त्याचं?”

तेवढ्यात जीभ सुटली आणि समोरच्या पानावरची माशी नाहीशी झाली. “बाई, मागं घ्या, मागं घ्या!” सगळे एकदम ओरडले. शिक्षिकेने चित्र मागे घेतलं. पुन्हा बघितल्यावर पुढच्या बाकावरच्या गौतमीला ते सापडलं. जीभ सुटण्याआधी सरड्याचे दोन्ही डोळे वळून माशीवर आले होते.

माहितीपट पुढे सरकला. आता फांदीवर नाकतोडा बसला होता. सरडा एक पाऊल पुढे झाला, थांबला. मागच्या बाकावरून मुख्याध्यापकांच्या तोंडून निघून गेलं, “आता मारतोय बघा!”

“नाही सर,” गौतमी मान न वळवता म्हणाली. “अजून एक डोळा मागं आहे.”

मुख्याध्यापकांना असं कुणी बोललेलं त्या शाळेत ऐकिवात नव्हतं. शिक्षिकेने पदर मुठीत घट्ट धरला.

पडद्यावरचा तो मागचा डोळा सावकाश फिरला आणि नाकतोड्यावर येऊन थांबला.

“आता!” अख्खा वर्ग ओरडला आणि जीभ सुटली. मुख्याध्यापकांनी बाकावर थाप मारली. “परत लावा, बाई! परत लावा ते!”

मग गुरुजींनी वायर परत केली. दुसऱ्या खेपेला तो भारदस्त आवाज डोळ्यांविषयी सांगू लागला तसा श्रेयस म्हणाला, “हे आम्ही मघाशीच बघितलंय.” ढोल सुरू झाला तेव्हा मुलं खुदखुदली. “हा आपल्यासाठी वाजतोय,” इकराने शेजारणीला समजावलं. “सरड्याला काय त्याचं!”

तास संपल्यावर शिक्षिका गुरुजींना म्हणाली, “माझा जीव गेला होता. आधी सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर तूही बघितलं नसतंस, पोरी. माझ्या सांगण्याची वाट बघत बसली असतीस.” गुरुजी दारात टेकले. “ढोल वाजला की काहीतरी होणार हे कानांना कळतं. मग डोळे कष्ट घेत नाहीत, नुसते उघडे राहतात. पण यात माहितीपटाचा दोष नाही हं. मी जन्मभर फळ्यावर खडूने सरडा काढला, त्याची जीभ काही कधी बाहेर आली नाही. तू ती मुलांना दाखवलीस. फक्त बघण्याचं काम त्यांच्याकडेच राहू दे. आधी मुलांना बोलू दे, मग त्या सांगणाऱ्याला. स्वतः पाहिलेल्या माणसालाच दुसऱ्याचं सांगणं नीट ऐकू येतं.”

पुढच्या तासाला कुठे थांबायचं आणि कुठे विचारायचं, हे शिक्षिका मनात ठरवू लागली होती.

दोघं शिक्षकांच्या खोलीत चहाला गेली तेव्हा मुख्याध्यापक आधीच तिथे होते. कप तसाच भरलेला होता आणि ते ट्यूबलाइटकडे टक लावून बघत होते. दिव्याशेजारी एक पतंग बसला होता, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर एक पाल.

शिपाई दारात येऊन म्हणाला, “सर, तो प्रोजेक्टर अडगळीत ठेवायचा म्हणाला होतात.”

“राहू दे वर्गातच,” मुख्याध्यापक मान वर ठेवूनच म्हणाले. “आणि बोलू नका कुणी. शेपटी हलायला लागलीय तिची.”

शिक्षिकाही चहा विसरून वर बघू लागली.