शंखमण्याचा रंग

डोंगरात गाडलेल्या शंखाचा युगायुगांनी दगड होतो आणि त्यातून क्वचित एखादा झळाळता मणी निघतो. रेवणशेट जवाहिऱ्याने असाच मणी रणधीर राजाला दाखवला आणि तिथेच तो फसला.

"रंग कोणता?" राजाने विचारलं.

"हिरवा, महाराज."

"मला तांबडा दिसतोय! राजाशी खोटं बोलतोस? द्या याला हत्तीच्या पायी!"

दरबारात कुणाला तो निळा दिसत होता, कुणाला जांभळा. पण तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती.

शेटची बायको गिरजा धावत आली. राजा हसला. "तूच सांग रंग. तांबडा म्हणालीस, तर नवरा खोटा ठरला. हिरवा म्हणालीस, तर तूही त्याच्याबरोबर."

गिरजाने नवऱ्याशेजारी उभं राहून मणी पाहिला. हिरवाच! जराशी बाजूला सरकली, तर निळा.

"महाराज," ती कशीबशी म्हणाली, "जागा बदलली की याचा रंग बदलतो. आपल्याला दिसतो तो रंग पाहायला मला सिंहासनावर बसावं लागेल. नाहीतर आपण खाली येऊन या गुन्हेगाराच्या जागी उभे राहा. काय करायचं, आपणच सांगा."

राजाने सिंहासनाचे हात घट्ट धरले.

"सोडा दोघांना," तो पुटपुटला.

त्या दिवशी दरबार उठला, तरी राजा काही जागचा उठला नाही.