हावळ मास्तर आणि पांढरा बेल्ट

"पण बाई, पोरीला नापास केलं कशात, तेवढं तरी सांगा."

हावळ मास्तर दारातच उभे होते. शिंपीकामाच्या दुकानातून तसेच आले होते, गळ्यात मापाची टेप.

"चपला बाहेर काढा," शिंत्रे बाई म्हणाल्या. "आणि नापास केलेलं नाही. परीक्षा अजून चालू आहे."

"चालू? बाकीची पोरं पेढे खाऊन घरी गेली की ओ!"

ते खरंच होतं. सकाळी बावीस मुलांची परीक्षा झाली होती, पांढऱ्या बेल्टवरून पिवळ्या बेल्टवर जायची. एकवीस जणांना पिवळा मिळाला. बाविसावा बेल्ट टेबलावर घडी करून ठेवलेला होता. हॉलमध्ये आता चौघंच उरलो होतो. बाई, मास्तर, त्यांची अकरा वर्षांची गौतमी, आणि मी.

माझं सांगायचं तर मी इथे मुलाला कराटेला घालायला आले होते. मुलगा दीड महिन्यात क्लास सोडून पळाला आणि मीच राहिले. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. आता लहान मुलांची पहिली रांग मी शिकवते.

शिंत्रे बाई पूर्वी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या, निवृत्तीनंतर हा क्लास चालवतात. त्यांचं अर्धं बोलणं मला अजून कळत नाही. विचारायचंही मी सोडून दिलंय, कारण विचारलं की उरलेलं अर्धंही कळेनासं होतं.

मास्तर आत आले.

"तिची लाथ बघितली तुमी?"

"बघितली. चांगली आहे."

"बुक्की?"

"सरळ जाते."

"पाय रोवून उभी ऱ्हाती का न्हाई?"

"राहते."

"आकडे म्हटले? ते जपानी?"

"दहाच्या दहा."

"मग?"

"बेल्ट बांधता येत नाही."

मास्तर मग हसलेच.

"एवढंच व्हय? अवो, तो मी बांधतो की! पहिल्या दिवसापासनं रोज मीच बांधतो. एक दिवस चुकवला न्हाई. बघा तरी कशी गाठ बसती माझी."



गौतमी खिडकीपाशी उभी होती. पांढरा बेल्ट तिच्या हातात लोंबत होता. सकाळी परीक्षेच्या सुरुवातीलाच बाईंनी सगळ्यांना बेल्ट सोडायला लावले होते. सोडा, घडी करा, पुन्हा बांधा. सगळी मुलं बांधून मोकळी झाली, ही तशीच उभी. शेवटी मला राहवेना, मी पुढे होऊन बांधून दिला. तेव्हा बाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं की ते इथे न लिहिलेलंच बरं. परीक्षा संपल्यावर त्यांनी तो तिला पुन्हा सोडायला लावला.

"बाई, पुढच्या म्हयन्यात ती जाणार," मास्तर म्हणाले. "सहावीला निवासी शाळा मिळालीय. लांब हाय. घरात आमी दोघंच. तिथं पोरी नव्या, जागा नवी. कंबरेला पिवळा बेल्ट असला म्हंजे कुणी वाटंला जाणार न्हाई... तेवढं तरी माझ्याकडनं बरोबर..."

टेपचं एक टोक ते बोटाला गुंडाळत बसले.

मला वाटलं, आता बाई पाघळतील. कुणीही पाघळलं असतं. मी तर टेबलावरचा तो पिवळा बेल्ट मनातल्या मनात उचललासुद्धा.

बाई उठल्या. कपाटातून एक कोरा पांढरा बेल्ट काढला आणि मास्तरांच्या हातात दिला.

"बांधा."

मास्तर चटकन गौतमीकडे वळले.

"तिला नाही. स्वतःला."

"मला? मी कशाला?"

"बांधा की. तुमची गाठ चांगली बसते म्हणालात ना."

मास्तरांनी छाती पुढे काढली. गावात त्यांच्या हाताला मान आहे, हे मी नाकारत नाही. लग्नाचा कोट म्हटला की हावळ मास्तरच. गौतमीचा कराटेचा ड्रेसही त्यांनी पहिल्याच दिवशी उसवून अंगाबरोबर करून आणला होता. बाईंनी तो परत पाठवला. म्हणाल्या, हा ड्रेस ढगळच लागतो, हात झटकला की बाही वाजली पाहिजे. मास्तरांच्या ते अजून मनात आहे. तेव्हा ही संधी ते कशी सोडतील?

त्यांनी शर्टावरूनच बेल्ट पोटावर धरला. मागे नेला, पुढे आणला. दोन वेढे झाले. एक टोक वर, एक खालून. ओढलं.

गाठ बसली, पण टोकं उभी राहिली. एक गळ्याकडे, एक पायांकडे. खरी गाठ बसली की टोकं दोन्ही बाजूंना आडवी पडतात.

मास्तरांनी सोडून पुन्हा बांधली. पुन्हा उभी.

तिसऱ्यांदा तर गाठ झालीच नाही. बेल्ट नुसता गळून पायात आला.

"आज हे असं काय व्हायलंय..." ते पुटपुटले. मग डोळे मिटून त्यांनी हात पुढे केले आणि समोरच्या हवेत, गौतमीच्या कंबरेएवढ्या उंचीवर, भराभर एक गाठ मारली. हवेत ती अचूक बसली असावी. हात थांबले.

"मी रोज समोरनं बांधतो," ते सावकाश म्हणाले. "तीस वर्सं मी सगळ्यांची समोरनंच मापं घेतली. हितं सगळं उलटं येतंय."



गौतमीला ते बघवेना. ती दोन पावलं पुढे आली, हात बापाच्या कंबरेकडे गेले.

"गौतमी, हात मागे."

ती थांबली.

"म्हंजे मी बी नापास?" मास्तरांनी विचारलं.

"तुमची परीक्षा कुठे होती?"

"मग हिची?"

"तिचीही आत्ता नाही."

"आत्ताच म्हणालात की चालू हाय!"

"आहे ना."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघितलं. मला काय कळत होतं म्हणून मी त्यांना सांगणार?

"दोघांनी भिंतीकडे तोंड करा," बाई म्हणाल्या.

"शिक्षा का ओ?"

"नाही. बेल्ट बांधायची जागा."

हे मात्र मला ठाऊक होतं. कराटेत ड्रेस सारखा करायचा, बेल्ट बांधायचा, तो समोर गुरू आणि बाकीचे असताना नाही. वळायचं, भिंतीकडे बघत बांधायचं, मग पुन्हा समोर यायचं. नखं कापून या आणि आत येताना वाका, त्याच्याबरोबरच हेही मुलं पहिल्या दिवशी शिकतात. नवे पालक आले की त्यांना वाटतं पोराला कोपऱ्यात उभं केलंय.

बापलेक शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांच्या हातात पांढरे बेल्ट.

"उजवं वर घे," मास्तर कुजबुजले.

"मास्तर, बोलायचं नाही."

ते सांगत होते तेही चुकीचंच होतं. समोरून बांधणाऱ्याचं उजवं, ते तिचं डावं.

गौतमीने वेढे घेतले. गाठ मारली, सुटली.

पुन्हा घेतले. एक टोक गुडघ्याखाली गेलं, दुसरं चार बोटं उरलं.

एवढीशी पोर, पाठमोरी, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. माझे हात आपोआप उचलले गेले तशी बाईंनी मान वळवली. मी हात खाली घेतले.

तिसऱ्या वेळी टोकं उभी आली. बापासारखीच. ती स्वतःशीच काहीतरी म्हणाली आणि गाठ सोडली.

मास्तरांनी अर्धा वेढा घेऊन आपला बेल्ट तसाच धरला होता. ते तिच्या हातांकडे बघत होते.

चौथ्या वेळी तिने घाई केली नाही. एक टोक वर आणलं, दुसरं खालून घेतलं, थांबली, मान तिरपी करून बघितलं... आणि उलट बाजूने ओवलं. ओढलं.

टोकं आडवी पडली. डावं बोटभर लांब होतं.

ती वळली. बापाकडे बघितलं नाही. बाईंसमोर जाऊन ताठ उभी राहिली आणि कमरेत वाकली.

बाईंनी टेबलावरचा पिवळा बेल्ट उचलून दोन्ही हातांनी तिला दिला.

"बाई, आता तरी मी..." मास्तर म्हणाले. "आजचा दिवस. पिवळा पहिल्यांदाच हाय. पहिला मी बांधतो. येवढा एकच."

गौतमीने बेल्ट घेतला. बापाकडे बघितलं, बराच वेळ. मग पांढरा सोडला, घडी केली, आणि कुणी न सांगता पुन्हा भिंतीकडे वळली.

मास्तर तिच्यामागे एक पाऊल गेले. हात पुढे झालेले, जसे रोज व्हायचे तसे. मग तिथेच थांबले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना.

हॉलमध्ये नवं कापड ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. एकदा... दोनदा...

बाईंनी मास्तरांच्या पायांकडे बोट दाखवलं.

"मास्तर, तुमचा बेल्ट खाली पडलाय. उचला."