चांगुणाचा झाकलेला डबा

घंटागाडी रोज न येता फक्त शनिवारी येणार, असा पालिकेचा बेत ठरत होता. हरकती ऐकायला उपायुक्त राजाध्यक्ष स्वतः कोळीवाड्यात आले. पण कुणी तोंड उघडलं की म्हणायचे, "झाकण घट्ट लावा, आठ दिवस काही होत नाही."

सुकट विकणारी चांगुणा उठली, घरी गेली आणि आपला कचऱ्याचा डबा आणून तिने साहेबांच्या खुर्चीशी ठेवला.

"कोळंबीची सालं आम्ही यातच टाकतो, साहेब. झाकण घट्ट आहे."

साहेबांनी खुर्ची सरकवली. मग नाकाला रुमाल लावला. शेवटी शिपायावर ओरडले, "काय घाण सुटलीय! उचल आधी!"

"आज सोमवार, साहेब," चांगुणा म्हणाली. "गाडी शनिवारी."

सगळे हसले. चांगुणा हसली नाही. तिने झाकण काढलं. डबा घासून लख्ख केलेला, आत काहीच नव्हतं.

"रिकामा डबा तुम्हाला घटकाभर सोसला नाही," ती शांतपणे म्हणाली. "आमचा भरलेला असतो, आणि चूल त्याच्यापासून दोन हातांवर."

साहेबांनी रुमाल खिशात घातला, त्यामागोमाग बेताचा कागदही. कोळीवाड्यात घंटा अजून रोज वाजते.