काळ्या चिलखताच्या तीन कड्या

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांशी बोलत आणि त्याचे कोणाला नवल वाटत नसे, कुमुद्वती नावाची राणी राज्य करीत होती. सख्ख्या भावाने तिला भरपंगतीत विष घातले. ती वाचली आणि भाऊ तुरुंगात पडला, पण तिचा माणसांवरचा विश्वास उडाला. तिने कालजंघ मांत्रिकाला बोलावले.

"मला कोणी इजा करू शकणार नाही, असे काही दे."

त्याने काळे चिलखत दिले. त्यावर तलवार बोथट होई, त्यापुढे विषाचे पाणी होई. मात्र अंगावर चढले ते उतरेना. राणी ज्याला ज्याला दूर लोटी, त्याच्या जाण्याने ते अधिकच आवळे. सख्या गेल्या, प्रधान गेला, शेवटी पती सुकेतूलाही तिने सीमेवरच्या गडावर धाडले. आता तिला श्वास पुरेना.

खिडकीत एक धनेश पक्षी येऊन बसला.

"राणी, यात तू मेलीस की राज्य कालजंघाचे. चिलखताला तीन कड्या आहेत. आपल्या माणसाला हाक मारशील तेव्हा पहिली सुटेल. त्याला ओळखशील तेव्हा दुसरी. त्याला मनातले भय सांगशील तेव्हा तिसरी. पण ते वैऱ्याला सांगितलेस, तर चिलखत तुझा गळा घोटील."

"मग न सांगितलेलेच बरे."

"माझी मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते," पक्षी म्हणाला. "पण चोचीपुरती फट ठेवते. तेवढ्यातून मी तिला भरवतो." आणि तो उडून गेला.

राणी सज्जात आली. साऱ्या नगरासमोर तिने सुकेतूला हाक मारली. पहिली कडी खळकन सुटली. वाऱ्याने हाक गडावर पोचवली आणि सूर्य ढळण्याआधी सुकेतू महालात आला. पण एक नव्हे, दोन आले. तोच चेहरा, तोच आवाज, कपाळावर तोच व्रण.

पहिला म्हणाला, "प्रिये, मला कसलाही राग नाही. माझ्यावर प्रेम असेल, तर मनातले सगळे आत्ता सांग."

किती गोड बोलला! राणीचे ओठ उघडले. गळ्याशी लोखंड करकरले आणि ती थबकली.

"आणि तू?" तिने दुसऱ्याला विचारले.

"मला राग आहे. निरोपाचा शब्दही न बोलता धाडलेस मला. पण सांगायचे की नाही, ते तू ठरव. आज नको असेल, तर मी दाराबाहेर बसतो."

पहिला पुढे सरसावला. "वेळ नाही, राणी!"

"तिथेच थांब."

"नवऱ्याला अडवतेस?"

"हो. अडवते."

तरीही तो आणखी जवळ आला. दुसरा मात्र, त्याला कोणी अडवले नसतानाही, जागीच उभा होता. राणीने ओळखले. दुसरी कडी सुटली.

ती सुकेतूजवळ गेली. ती म्हणाली, "मला भय वाटते, की एक दिवस तूही मला मारशील. आणि तू नसलास, की त्याहून अधिक भय वाटते."

 त्याने तिचा हात धरला.

तिसरी कडी तुटली. चिलखत राणीच्या अंगावरून उडाले आणि तोतयावर जाऊन मिटले. आतून कालजंघाची किंकाळी आली. मग चिलखताच्या फटींतून नुसती काजळी गळाली.

सख्या परतल्या, प्रधान परतला. तुरुंगातून भावाने क्षमेची याचना केली. राणी म्हणाली, "जेवण वेळेवर द्या. दार उघडू नका."

"त्याची आठवण येते का?" सुकेतूने विचारले.

"ते आज नको विचारूस."

"बरे," तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी बसून राहिला.

पुढे त्या राज्यात सुखाचे पुष्कळ दिवस आले, थोडे भांडणाचेही आले, आणि ते सारे त्या दोघांनी मिळून पाहिले.