तांबटआळीतला कापूस

खूप खूप जुनी गोष्ट. एका राज्यात एक तांबटआळी होती. काय दिवस होते हो ते! दिवस उगवला की ठाणठाण सुरू, ती थेट दिवस मावळेपर्यंत. घडवलेले हंडे दारोदार मांडले की सगळी आळी उन्हात झळझळायची.

त्या आळीत केरोबा नावाचा तांबट होता. हाताचा पक्का, आणि मानी तर विचारूच नका! आळीत एक समजूत होती. कानात कापूस घालून ठोके मारणारा तांबटच नव्हे.

केरोबाची बायको चंद्रा रोज सकाळी तेलात भिजवलेले बोळे पुढे करायची. "घाला हो एवढे. कानांची वाट लागेल."

"आळी हसेल मला! तांबटाचे कान ठोक्यांनीच पक्के होतात," म्हणून तो बोळे बाजूला सारायचा.

अशी वीस-पंचवीस वर्षं गेली. आळीत सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे कुणाला कमी ऐकू येतंय हे कळायचंच नाही.

केरोबाला एकुलती एक लेक. पहाटे जात्यावर बसून ती ओव्या म्हणायची, आणि तिच्या गळ्यावर बापाचा भारी जीव. ती लग्न होऊन दूरदेशी गेली, तसं त्याला घर सुनं सुनं वाटू लागलं. "येऊ दे तिला माहेरी, पोटभर ऐकून घेईन," असं तो येताजाता म्हणायचा.

पाच वर्षांनी लेक आली. तिसऱ्या दिवशी केरोबा हिरमुसून म्हणाला, "पोरगी ओव्या विसरली वाटतं. जात्यावर गप्पच बसते."

चंद्राने कपाळाला हात लावला. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली, "अहो, रोज गातेय ती! शेजारणी ऐकायला येतात!"

केरोबाने लेकीला हाक मारली. लेक समोर बसून पुन्हा गायली. तो तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिला आणि लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी तो बोळ्यांची परडी घेऊन आळीत उभा राहिला. "हसायचं तर हसा मला. पण लेकीचा आवाज मला आता नुसता आठवावा लागतो. तुमच्यावर ही वेळ नको रे, बाबांनो!"

कुणीही हसलं नाही. एकेकाने बोळे उचलले आणि कानात घातले. पुढे त्या आळीतल्या म्हाताऱ्यांना नातवंडांची कुजबुजसुद्धा ऐकू यायची. केरोबाला मात्र लेकीची ओवी पुन्हा कधीच ऐकू आली नाही.

तात्पर्य: काम करताना कान जपण्यात कमीपणा नाही, खोट्या मानापायी गेलेले कान परत मिळत नाहीत.