चुन्याखाली गेलेला राजा

एकदा एका वृद्ध चित्रकाराला त्याच्या राजाने देशाबाहेर घालवून दिले. गुन्हा एवढाच, की ऐन दुष्काळात नगराच्या भिंतींवर धान्याने ओसंडणाऱ्या कणग्या रंगवण्यास त्याने नकार दिला होता. आधी राजाचा बंदिवास भोगून मग तो नदीपलीकडच्या गावी आला. तिथे एक तरुण त्याचा शिष्य झाला.

त्या गावच्या जत्रेला राजाची प्रजा नदी ओलांडून येत असे. यंदा शिष्याने कंबर कसली. जत्रेच्या मैदानातील लांब भिंतीवर त्याने राजाला अनेक तोंडांचा राक्षस करून रंगवले. एक तोंड दवंडी पिटत होते, दुसरे प्रजेच्या ताटातला घास गिळत होते. शिष्याचा आनंद मनात मावेना.

"गुरुजी, हे पाहून लोक पेटून उठतील."

गुरुजींनी चित्र बराच वेळ निरखले. "हात छान बसलाय तुझा," ते म्हणाले, आणि चुन्याची बादली उचलून त्यांनी सगळी भिंत पांढरी करून टाकली.

शिष्याचा संताप अनावर झाला. "अजून भिता तुम्ही त्याला?"

चुना वाळल्यावर गुरुजी तांबड्या कावेने त्यावर चेहरे काढू लागले. साधे, कुणाचेही असावेत असे.

जत्रा भरली. लोक येत, बघत, पुढे जात. शिष्य खट्टू होऊन बाजूला उभा होता. इतक्यात एक बाई भिंतीपाशी थबकली.

"हा दौलत कोष्टी," ती पुटपुटली. मग तिचा आवाज चढला. "माझा भाऊ. असा कुणी माणूस नगरात नव्हताच, असं दरबारातून सांगितलं आम्हाला."

मागून कुणी पुढे घुसला. "आणि ही वैद्यांची सून."

"तो आमचा तुळाजी. बघा, ओठ तसाच दुभंगलेला."

दार लावूनही ज्यांचे नाव घेण्याची चोरी होती, त्यांची नावे भर जत्रेत दुमदुमू लागली. लोक एकमेकांना हाका मारून बोलावू लागले. शिष्य धावत गुरुजींपाशी गेला.

"हे माझ्या शेजारच्या कोठड्यांतले," गुरुजी म्हणाले. "बाळ, राक्षस रंगवलास, तर लोक पुन्हा राजाकडेच बघतात. हसतात, नाहीतर घाबरतात, आणि घरी जातात. भिंतीवर फक्त तोच दिसावा, हेच तर त्याला हवं आहे. कणग्यांचं खोटं लहान आहे, ते पोटाला कळतं. ही माणसं नव्हतीच, हे त्याचं मोठं खोटं. ती आहेत, एवढंच आपण दाखवायचं."

गर्दीतून वाट काढत एक म्हातारा शिष्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझी लेक नाही यात," तो म्हणाला.

शिष्याने भिंतीवर मोकळी जागा शोधली आणि कुंचला कावेत बुडवला.

"बाबा," त्याने विचारले, "कपाळ कसं आहे तिचं?"