गोजर सुईण आणि वाहून गेलेला साकव

फार वर्षांपूर्वी, आपल्या नदीवर हा सिमेंटचा पूल नव्हता, पोफळीच्या खोडांचा साकव होता, तेव्हा गावात गोजर नावाची सुईण होती. हात असा, की पोटातलं आडवं मूल सरळ करायची. पण साकवावर पाय ठेवला की डोकं गरगरायचं. मग बाई रांगत पलीकडे जायची. एकदा ती रांगत पोचेपर्यंत पलीकडची बाळंतीण गेली. तेव्हापासून गोजरच्या घशाखाली घास उतरेना.

तिची सासू आवडी भारी खट्याळ. तिनं सुनेला नदीकाठच्या परसात भिंतीशी उभं केलं. "एक पाय उचल. तळवा मांडीला लाव. आता झाड हो."

"आते, बाळंतपण हातानं करतात ना?"

"गप गं! गुडघ्याला नको टेकवू, गुडघा काय पाट आहे? पलीकडच्या पोफळीवर चुन्याचा ठिपका केलाय, त्याच्याकडं बघ. श्वास कोंडू नको. घेरी आली तर भिंत धर नि खाली बस."

गोजरला काही उमगेना. गावाला तर त्याहून उमगेना. कुणी म्हणे नवस, कुणी म्हणे भूत. एकीनं तर तिला कुंकू लावून पुढ्यात नारळ ठेवला. गणू गुरव भरपेट जेवून तसाच उभा राहिला नि शेणाच्या खड्ड्यात पडला. पण गोजरच्या पोटऱ्या घट्ट झाल्या, डोकं थाऱ्यावर आलं, असं म्हणतात.

श्रावणात नदी फुगली. पलीकडून हाक आली, "सुईणबाय, मूल आडवं आलंय!" गोजर साकवाच्या वाटेनं निघाली. नजर ठिपक्यावर. खाली बघितलंच नाही. पोचली, मूल फिरवलं. पोरगी रडली नि आई हसली.

बाहेर माणसं डोळे फाडून उभी. "तू आलीस कशी? आम्ही होडीला माणूस धाडलाय. साकव पहाटेच वाहून गेला!"

गोजर चक्रावली. "मग माझ्या पायाखाली काय होतं?"

सगळे नदीकडं बघू लागले. तेवढ्यात अलीकडून सासू ओरडली, "खाली बघू नकोस गं! तशीच परत ये!"

ती आली, असं म्हणतात.

अजून गावात नवी सून आली की पुलाच्या तोंडाशी तिला एका पायावर उभं करतात, नि तिच्यासोबत सगळं गाव उभं राहतं. म्हातारे कठडा धरतात, घेरीवाल्यांना बसवतात, जेवून कुणी उभं राहत नाही. पोफळीला दरसाल चुना लागतो. फक्त गोजर कुठल्या पायावर उभी राहायची, यावर अजून भांडण आहे. म्हणून दोन्ही पायांवर उभं राहतात, आधी एक, मग दुसरा. आणि खाली कुणीच बघत नाही.